अक्रोडांचे उत्खनन

गेल्या रविवारी मी खपून केलेल्या खजूर-अक्रोडाच्या ब्रेडमधले अक्रोड माझ्या चुलत सासऱ्यांनी एकेक करून बोटांनी वेचून खाल्ले आणि उरलेला चुरा बशीसकट माझ्याकडे सरकवत, "छान जमलाय हो, जावईबापू," असे प्रशस्तिपत्रही दिले. तो चुरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

या ब्रेडला यीस्ट लागत नाही, त्यामुळे पीठ तासन्‌तास झाकून ठेवून त्याची मनधरणी करावी लागत नाही, पण म्हणून तो आपोआप होतो असे मात्र कोणी समजू नये. बिया काढलेला खजूर बारीक चिरून त्यावर उकळते पाणी आणि खाण्याचा सोडा घालून तो मऊ होऊ द्यायचा, अक्रोड जरासे भाजून घ्यायचे, आणि श्रावण असल्यामुळे अंड्याच्या जागी दही घ्यायचे. दही आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. तो हवेत उडून जाण्याआधी मिश्रण टिनमध्ये ओतून 175 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ढकलायचे असते. शिवाय मैदा घातल्यावर फार ढवळायचेही नसते, कारण मग त्यातले ग्लुटेन घट्ट होते आणि ब्रेड चिवट होतो. नेमक्या याच क्षणी काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "एकाच दिशेने फेटा, चांगली दहा मिनिटे. आमची ही ढोकळ्याचे पीठ तसेच फेटते."

बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने बायकोला यीस्ट सोसत नाही म्हणून 1843 साली बेकिंग पावडर तयार केली. त्याआधी तिला अंडी चालत नाहीत म्हणून त्याने बिनअंड्याचे कस्टर्डही शोधून काढले होते. बायकोच्या पोटासाठी रसायनशास्त्र राबवणाऱ्या या नवऱ्याबद्दल मला नितांत आदर आहे. तो मिश्रण ढवळत असताना त्याच्या सासरचे कोणी दारात उभे राहून दिशा सांगत होते की नाही, हे मात्र माझ्या वाचनात आलेले नाही.

ब्रेड पाऊण-एक तासाने बाहेर आला. तो निवल्याशिवाय कापू नये, आणि खरे तर रात्रभर गुंडाळून ठेवावा, म्हणजे खजुराचा ओलावा सगळीकडे मुरतो आणि काप स्वच्छ पडतात, हे मी काकांना शक्य तितक्या आदराने समजावून सांगितले. "आमच्याकडे गरमच खातात," ते म्हणाले. त्यांच्याकडे हा पदार्थ आजवर कधीही झालेला नाही, हे मला ठाऊक होते. पण सौभाग्यवतीने डोळ्यांनी खूण केली आणि मी सुरी हातात घेतली.

पहिला काप त्यांनी बशीत आडवा पाडला, खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला आणि तर्जनीने कापाच्या कडेला टोकरायला सुरुवात केली. मी काटा पुढे केला. "बोटाला अंदाज येतो," असे म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. एक तुकडा सापडला की ते तो उजेडात धरीत, त्याला चिकटलेला ब्रेड अंगठ्याच्या नखाने अलगद सोलून काढीत आणि मग तोंडात टाकून डोळे मिटीत. दुसऱ्या कापाच्या वेळी त्यांनी मला कारणही सांगितले. "अक्रोडाचा आकार बघा, हुबेहूब मेंदू. निसर्गाने लिहूनच ठेवले आहे, कशाला काय चांगले ते."

"मग काजू मूत्रपिंडाला चांगला असणार," मी म्हणालो.

"असणारच," ते गंभीरपणे म्हणाले. "काजू घातलेत का यात?"

"नाही."

"घालायचे होते."

चौथ्या कापापर्यंत बशीची अवस्था ठेकेदाराने खणून सोडून दिलेल्या रस्त्यासारखी झाली होती. "बाकीचा भाग?" मी अखेर न राहवून विचारले. "मैद्याचा आहे ना," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "पोटाला जड पडतो. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला पचेल."

दिवाळीच्या चिवड्यातले काजू वेचणारा चोर प्रत्येक घरात असतो, हे मलाही मान्य आहे. पण तो निदान रात्री सगळे झोपल्यावर डबा उघडण्याइतकी लाज बाळगतो आणि पकडला गेला तर आईचा धपाटाही खातो. चुलत सासऱ्यांना धपाटा घालण्याची सोय आपल्या संस्कृतीने ठेवलेली नाही. अक्रोडाचा गर किलोला हजार रुपयांच्या वर गेला आहे, आणि तो निवडून, भाजून, तळाशी बसू नये म्हणून थोड्या मैद्यात घोळवून मी मिश्रणात घातला होता, हे बोलून दाखवले असते तर जावई चिक्कू ठरला असता. बाईने केलेल्या स्वयंपाकाला निदान कष्ट तरी म्हणतात, तेही बहुधा नुसते तोंडदेखले. पुरुषाने केला की तो मात्र छंद ठरतो, आणि छंदाचा चुरा केल्याने कोणाचे काही नुकसान होत नाही, अशी सर्वांची समजूत असावी.

अर्धा ब्रेड मी दुसऱ्या दिवसासाठी फडक्यात गुंडाळून फडताळात मागे ठेवला होता. काका निघाले तेव्हा सौभाग्यवतीने तो नेमका शोधून काढला आणि स्टीलच्या डब्यात भरून त्यांच्या हाती दिला. "वयस्कर आहेत, आवडीने खातात," ती मला नंतर म्हणाली. डबा अद्याप परत आलेला नाही, पण काल काकांचा फोन आला. ब्रेड त्यांनी शेजाऱ्यांना दिला होता आणि तो त्यांना बरा वाटला, फक्त त्यात अक्रोड औषधालाही सापडले नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा पुढच्या वेळी हात जरा सैल सोडा, जावईबापू, असे काकांनी मला बजावले आहे.