झाकली मूठ सव्वीस किलोची

आमच्या पेठेतल्या मंडळानं गेल्या वर्षी डॉल्बीचे पैसे वाचवून आरोग्य शिबिर घेतलं. कोल्हापुरात डॉल्बी न लागणं हीच मुळात बातमी. त्या रात्री इतकी शांतता पसरली की अर्ध्या गल्लीला झोप लागली नाही, आणि सकाळी सगळे जांभया देत रांगेत उभे. रक्तदाब झाला, साखर झाली, वजनही झालं (त्याविषयी बोलायचं नाही असं घरात ठरलंय). शेवटच्या टेबलावर पकडीसारखं एक यंत्र होतं. मुठीत धरून दाबायचं, की तबकडीवरचा काटा तुमच्या पकडीचा जोर किलोत सांगतो. नाव डायनॅमोमीटर.

बायकोचा नंबर आधी लागला. रोज आठ-दहा भाकऱ्या थापणारा हात. तिनं दाबलं, 29. "छान आहे हो पकड!" टेबलामागची फिजिओथेरपिस्ट पोरगी म्हणाली. बायकोनं माझ्याकडं एक नजर टाकली. तिच्या मागं तालमीतला एक पोरगा होता. त्याचा पंजा म्हणजे भाकरीचा तवा. यंत्र त्याच्या हातात नीट मावेना, म्हणून पोरीनं दांडी काढून दोन खाचा पुढं बसवली, 'खट्' असा आवाज झाला. पोरानं सहज दाबलं, जसं आपण लिंबू दाबतो. 61.

मग मी.

दात आवळले, डोळे मिटले, मदतीला डावा पायही जमिनीवरून उचलला. 26. "परत एकदा, काका." परत दाबलं. 25.

"आशियातल्या पुरुषांमध्ये 28 च्या खाली आकडा आला की स्नायू उतरणीला लागलेत का, ते बघायला सांगतात," ती अतिशय प्रेमानं म्हणाली. "बायकांसाठी 18." हे शेवटचं वाक्य तिनं कशाला जोडलं, मला आजवर कळलेलं नाही.

टेबलामागं एक तक्ता टांगला होता. 2015 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलेली पाहणी. भारतासकट 17 देश, सुमारे 1 लाख 40 हजार माणसांच्या मुठी मोजल्या, मग त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं. पकड 5 किलोनं कमी, तर मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त. आता मी पडलो पतसंस्थेतला माणूस. टक्केवारी दिसली की आमचा हात आपोआप चक्रवाढीकडं जातो. पैलवान माझ्या पुढं 35 किलोनं, म्हणजे पाच-पाचचे सात हप्ते. एक पूर्णांक सोळाचा सातवा घात... घरी पोचेपर्यंत हिशेब लागला होता. त्या पोराच्या तुलनेत मी जवळजवळ तिप्पट मेलेला होतो.

त्याच रात्री ऑनलाइन ग्रिपर मागवला. प्लॅस्टिकच्या दोन दांड्या, मध्ये स्प्रिंग, आणि स्प्रिंग कमी-जास्त ताणायला एक चकती, 5 ते 60 किलो असं छापलेली. किंमत तिघांच्या मिसळीएवढी. पंधरा दिवसांत मी साठावर पोचलो. खरं तर इथंच शंका यायला हवी होती. शिबिरातलं यंत्र 26 म्हणतं आणि हे प्लॅस्टिक 60 म्हणतं, म्हणजे दोघांचे किलो एका गावचे नव्हेत. दांडीच्या टोकाला धरलं तर हलकं जातं, वर सरकून धरलं तर जड. आणि छापणाऱ्याचा हात कोण धरणार? पण स्वतःच्या बाजूनं लागलेल्या हिशेबात चूक शोधत बसायची आपल्याकडं पद्धत नाही.

ग्रिपरला आवाज होता. दाबला की 'कुईं', सोडला की 'कुक्'. मी तो सगळीकडं न्यायला लागलो. रंकाळ्यावर फिरताना कुईं-कुक्. बातम्या बघताना कुईं-कुक्. पतसंस्थेत टेबलाखाली धरून कुईं-कुक्. मुदत ठेव मोडायला आलेल्या एका आजींनी पाय वर घेतले. "उंदीर झाल्यात तुमच्याकडं," त्या म्हणाल्या, "पैसे दुसरीकडं ठेवते." दिवसाला तीनशे वेळा दाबायचा नेम होता. सुट्टी नाही. रविवारी चारशे.

अशा वेळी घरात एखादा भाचा असतोच, जो व्यायामशाळेत जातो आणि आपल्याला ज्ञान देतो. तो म्हणाला, "मामा, हे खेळणं आहे. खऱ्या ग्रिपरला आकडे नसतात, नंबर असतात." मग त्यानं मला अमेरिकेतल्या 'कॅप्टन्स ऑफ क्रश' या ग्रिपरची गोष्ट सांगितली. जाड पोलादी स्प्रिंग, अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या. नंबर एकला 140 पौंड, तीनला 280, चारला 365, म्हणजे आपले शंभर आणि वर साडेपासष्ट किलो. नंबर तीन नियमानुसार मिटवून दाखवला की तुमचं नाव त्यांच्या यादीत लागतं, 1991 पासून ही यादी चालू आहे. नंबर चार रीतसर मिटवणारा पहिला माणूस जो किनी, 1998 साली. भाचा हे नाव असं घेतो, जसं आमचे वडील खाशाबा जाधवांचं घ्यायचे.

त्याच जातीचा एक लोखंडी ग्रिपर त्यानं मला वाढदिवसाला दिला. दांड्यांवर बारीक खाचा, अगदी किसणीसारख्या. दाबला. काही झालं नाही. म्हणजे खरोखरच काही झालं नाही. दांड्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. आवाजही नाही. त्या प्लॅस्टिकच्या ग्रिपरनं निदान कुईं तरी केलं असतं.

भाच्यानं बजावलं होतं. आधी हात गरम करा, आठवड्यातून तीनच दिवस, जेवढं सहज मिटतं तेवढ्यावरच काम करा. मी ऐकलं नाही, यात ग्रिपरचा काही दोष नाही. मी दोन्ही हातांनी दांड्या मिटवायचो आणि मग डावा हात काढून घेऊन उजव्यानं रोखून धरायचो. स्प्रिंग परत उघडायची आणि माझी बोटं तिच्यामागं उघडत जायची, दार ढकलणाऱ्या पाहुण्यासमोर घरमालक मागं सरतो तशी. एकदा तळव्याची कातडी दोन दांड्यांत सापडली. त्या वेळी माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून समोरच्या वाड्यातली बाई दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठलो तर उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट दुमडलेलंच. बाकीची चार उघडली, हे येईना. डाव्या हातानं ओढलं तेव्हा 'टक्' करून सरळ झालं, स्विच टाकल्यासारखं. दुसऱ्या दिवशी परत. शिवाय कोपराच्या आतल्या बाजूला एक ठणका, पाण्याची बादली उचलली की हजर.

अडकलेलं बोट दुखतं कमी, अडचणीत जास्त टाकतं. रविवारी मेहुणा पुण्याहून आला होता, त्याला मिसळ खायला नेलं. गर्दी तुफान. लांबूनच पोराला पंजा दाखवला: पाच. पोरगा चार प्लेट घेऊन आला. चूक त्याची नव्हती, माझा पंजाच चारचा होता. पाचवी येईस्तोवर मेहुणा नुसता पाव खात बसला आणि घरी गेल्यावर "कोल्हापूरचा पाहुणचार" असं सगळ्यांना सांगत सुटला.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडं गेलो. त्यांनी कोपर दाबलं, मी ओरडलो. "गोल्फर्स एल्बो," त्या म्हणाल्या. मला वाईट वाटलं. कोपराच्या दुखण्याची ओळख उभ्या महाराष्ट्राला सचिननं करून दिली, 2004 साली त्याला टेनिस एल्बो झाला तेव्हा. तोवर आपण त्याला 'कोपर धरलं' म्हणायचो. दुखायचंच तर निदान तेंडुलकरांच्या बाजूनं तरी दुखावं! "ते कोपराच्या बाहेरच्या अंगाला असतं," बाई म्हणाल्या. "मूठ मिटवणारे स्नायू आतल्या बाजूनं निघतात. तुम्ही मूठच मिटवत बसलाय." आयुष्यात गोल्फची काठी मी फक्त दुकानाच्या काचेतून बघितली आहे.

मग त्यांनी माझाच हात माझ्यापुढं धरून मला समजावलं. बोटांत वाकवणारा स्नायू नसतोच. ओढणारे बहुतेक सगळे कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात बसलेले, आणि त्यांच्या दोऱ्या बोटांपर्यंत जातात, कळसूत्री बाहुलीच्या जातात तशा. मनगटाच्या एका अरुंद बोगद्यातून अशा नऊ दोऱ्या आणि एक नस, सगळी दाटीवाटीनं. पुढं बोटात ती दोरी एका नळीतून सरकते. "पायजम्याची नाडी ओवताना गाठ नेफ्याच्या तोंडाशी अडकते ना? तसं झालंय तुमचं. दोरी सुजली, नळी तेवढीच." स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, दोरीला महिनोन् महिने लागतात; तिला रक्त कमी मिळतं. म्हणजे जोर वाढला असं मला वाटत होतं तेव्हा दोऱ्या बिचाऱ्या मागून धापा टाकत येत होत्या.

"पण लॅन्सेट..." मी म्हणालो.

"पकड कमी असणं म्हणजे एकूण शरीर अशक्त असल्याची खूण. नुसती मूठ दाबून आयुष्य वाढवायचं म्हणजे थर्मामीटर बर्फात ठेवून ताप उतरवायचा." सहा आठवडे ग्रिपर बंद. रात्री बोटाला पट्टी. आणि नंतर मिटवण्याइतकंच उघडण्याचं काम: बोटांभोवती रबरबँड घालून पंजा फाकवायचा, किंवा तांदळात हात खुपसून बोटं उघडायची.

मेथीच्या जुडीचे रबरबँड घरात होतेच. तांदळाचा डबाही होता. त्यात आजरा घनसाळ होता, हा तपशील मी लक्षात घेतला नाही. बाईंनी कोपराला मलम लावायला सांगितलं होतं, ते मी आधी लावलं आणि मग डब्यात हात घातला. त्या आठवड्यात बहिणीच्या मुलीला बघायला आलेली मंडळी आमच्याकडं जेवली. आजरा घनसाळचा सुवास घरभर सुटतो अशी त्याची ख्याती. त्या दिवशीही सुटला. मुलाच्या वडिलांनी दोनदा विचारलं, "कुणाचा गुडघा दुखतोय का?" तेव्हापासून मला रेशनच्या तांदळाचा वेगळा डबा आहे, त्यावर बायकोनं खडूनं 'हात' असं लिहिलंय.

पट्टीच्या दिवसांत एका संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला गेलो. कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात, फेसासकट पेला हातात येतो. त्या दिवशी मी दुधाऐवजी गवळ्याचे हात बघत बसलो. आपण ग्रिपर दाबतो तशी तो मूठ एकदम आवळत नाही. आधी अंगठा आणि पहिलं बोट वरती कडं करतात, मग मधलं, मग त्याच्या शेजारचं, शेवटी करंगळी, एका मागोमाग एक, पेटीवर सूर उतरावेत तशी. दूध वर पळू नये म्हणून. दोन्ही हात आळीपाळीनं, आणि मनगट अगदी सरळ. बाई मला हेच सांगत होत्या, 'मनगट वाकवू नका'.

"काय झालं सायेब बोटाला?"

"अडकतं. सकाळी टक् करतं."

त्यानं धार थांबवली, हात धोतराला पुसला आणि स्वतःचं मधलं बोट मिटवून उघडलं. टक्. तोच आवाज! "धा वर्सं झाली. पाटंचं कोमट पान्यात बुडवायचं, मंग सुटतंय. माजं तर धा म्हशींनी झालं. तुमचं कशानं?"

मी सांगितलं. दोन दांड्या, मध्ये स्प्रिंग, दाबायचं आणि सोडायचं, दिवसाला तीनशे वेळा.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मंग त्येच्यातनं निगतंय काय?"

"काही नाही."

तो थोडा वेळ माझ्याकडं आणि थोडा वेळ म्हशीकडं बघत राहिला. पेल्याचे पैसे घेतले नाहीत.

बोट सुटायला अडीच महिने लागले. लोखंडी ग्रिपर बायकोनं पापडाच्या पिशवीला चिमटा म्हणून लावून बघितला, पण चिमटा सोडला की मिटतो आणि ग्रिपर सोडला की उघडतो, त्यामुळं तिथंही तो निकामी ठरला. प्लॅस्टिकचा मात्र मी अजून वापरतो. आठवड्यातून तीन दिवस, हात कोमट पाण्यातून काढून, दहा-दहाच्या दोन खेपा, हलक्या ताणावर. दुखायला लागलं तर बंद. स्प्रिंगला खोबरेल घातलंय.

यंदा मंडळानं परत शिबिर घेतलं. टेबलामागं नवीन मुलगी. ती दर माणसानंतर यंत्राची दांडी काढून परत बसवत होती, खट्, खट्. मी विचारलं, हे काय.

"पाच खाचा असतात, काका. सगळ्यांची दुसऱ्या खाचेवर मोजायची. दांडी लांब राहिली की बोटं पोचत नाहीत आणि आकडा उगाच पडतो."

माझ्या डोळ्यांपुढं भाकरीच्या तव्याएवढा एक पंजा आला. मागं बायको उभी होती. तिच्याकडं बघायचं मी टाळलं. पोरीनं दांडी दुसऱ्या खाचेवर बसवली. उजवा हात: 31. मग डावा, ज्यानं वर्षभरात वर्तमानपत्र धरण्यापलीकडं काही केलं नव्हतं: 35.

"डावखुरे आहात का तुम्ही?" तिनं लिहिता लिहिता विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तिनं कागद माझ्याकडं फिरवला आणि सहीसाठी पेन पुढं केलं. मी ते डाव्या हातात घेतलं.