‘पुस्तक वाचून पाना धरणारे’ : मॅनिफोल्डच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या १९९७ च्या मारुती ८०० चा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा नळ्यांचा भाग) घरच्या अंगणात कसा बदलला, यावर गेल्या महिन्यात मी लेख लिहिला होता. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांना विषय कळावा म्हणून ती आधी जशीच्या तशी देतो :

‘लेखक महाशय, पाचशे रुपयांच्या टाक्याचं काम तुम्ही दोन रविवार आणि नवा मॅनिफोल्ड घालून केलंत. बॅटरीची वायर आधी काढायची असते, एवढंही लिहिलेलं नाही. तुटलेला स्टड हातड्रिलने काढणं म्हणजे हेडची वाट लावणं, ते काम मशीन शॉपचं. पुस्तक वाचून पाना धरणाऱ्या हौशी लोकांनी दुसऱ्यांच्या गाड्या बिघडवू नयेत.’

(टाका म्हणजे वेल्डिंगचा जोड. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, मॅनिफोल्ड त्यालाच बसतो. स्टड म्हणजे हेडमध्ये बसवलेली आट्यांची दांडी, तिच्यावर मॅनिफोल्डचा नट कसतात.)

पहिल्या दिवशी मी याला उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. रागात लिहिलं होतं. आज चौथा दिवस आहे. राग गेलाय असं म्हणणार नाही, पण आता निदान मुद्द्याला धरून लिहिता येईल.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायचं मी लिहायला विसरलो होतो. काम करताना काढली होती, लिहिताना राहून गेलं. लोखंडी पाना घेऊन इंजिनाशी वाकलेला असताना चुकून कुठे टेकला तर ठिणगी उडते, आणि नवख्या माणसाला ते माहीत नसतं. चूक माझी. लेखात आज ती ओळ घातली आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

आता ‘महाशय’. मराठीत हा शब्द कोण कुणाला कधी वापरतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. माझ्या लेखात कुणाची टर उडवलेली नाही, कुठल्या मिस्त्रीला कमी लेखलेलं नाही. उलट ‘जमत नसेल तर भरवशाच्या मिस्त्रीकडे द्या’ असं दोन ठिकाणी लिहिलंय. तरी सुरुवातच अशी? समोर बसून तुम्ही मला असं म्हणाला असता का?

आणि शेवटचं वाक्य. ‘पुस्तक वाचून पाना धरणारे.’ यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि ओळख करून घ्यायच्या आधीच निकाल देऊन मोकळे झालात.

माझे वडील कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात फिटर होते. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्या हाताखाली असायचो. चौदाचा पाना कुठला आणि सतराचा कुठला, हे मला पाढ्यांच्या आधी यायचं. पुढे मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, चौदा वर्षं नोकरी केली. आधी फेटलिंगला (ओतलेल्या वस्तू घासून साफ करायला), नंतर तपासणीला. दिवसभर माझ्या हाताखालून काय जायचं, तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड. बिडाचे हाउसिंग, बिडाचे ब्रॅकेट आणि बिडाचे मॅनिफोल्डसुद्धा. मारुतीचे नव्हते, पण जात तीच.

तपासणीला बसलेला माणूस कास्टिंग (ओतलेली वस्तू) हातात घेऊन आधी काय करतो माहीत आहे? दोरीला किंवा हुकाला टांगतो आणि छोट्या हातोडीने ठोकतो. अखंड कास्टिंग वाजतं, ठण्ण करून आवाज रेंगाळतो. तडा असेल तर आवाज तिथेच मरतो, मडकं फुटकं असल्यासारखा बद्द येतो. गाडीचा मॅनिफोल्ड काढल्यावर मी तेच केलं. तारेला अडकवून अंगणातल्या पेरूच्या फांदीला टांगला आणि ठोकला. बद्द. वरचं पत्र्याचं कव्हर असताना न दिसलेली चीर मग उजेडात नीट दिसली. मधल्या आणि कडेच्या नळीच्या बेचक्यात केसाएवढी बारीक रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काजळी. धूर जिथून बाहेर पडतो तिथे काजळी धरते, हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही मी.

सकाळी गाडी सुरू केली की टक-टक-टक आवाज यायचा आणि इंजिन तापलं की कमी व्हायचा. तीन मिस्त्रींनी ‘टॅपेट सेट करा’ (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट जुळवा) म्हणून सांगितलं होतं. तापल्यावर बीड फुगतं, चीर मिटते, आवाज दबतो, म्हणून सगळे फसतात. थंड इंजिनावर सायलेन्सरचं तोंड ओल्या फडक्याने क्षणभर दाबून धरलं की फुसफुस कुठून येते ते लगेच कळतं. लेखात हे लिहिलंय. तुम्ही ते वाचलं की नाही, कल्पना नाही.

आता तुमचा टाका. कुठला टाका, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. पितळेचा की आर्कचा, म्हणजे विजेच्या वेल्डिंगचा? बिडावर टाका घालणं म्हणजे पत्र्यावर टाका घालणं नव्हे. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. वेल्डिंगची आच लागून टाक्याशेजारचा पट्टा झपाट्याने गार झाला की तिथलं बीड पांढरं आणि काचेसारखं कडक होतं. मग टाका शाबूत राहतो आणि त्याच्या शेजारी नवी चीर जाते. त्यात मॅनिफोल्ड वर्षानुवर्षं धूर प्यालेला. काजळी आतपर्यंत मुरलेली, टाका धरणार कशाला? पितळेचा टाका म्हणाल, तर पितळ वितळतं ९०० अंशांच्या आसपास, पण मऊ पडायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते. चढावर गाडी ओढत असताना मॅनिफोल्डमधून जाणारा धूर सहाशे-सातशे अंशांचा असतो. हे गणित गॅरेजवाल्याला कळत नसेल असं मी म्हणत नाही. गिऱ्हाईक पाचशेच देतं, म्हणून तोही पाचशेचंच काम करतो.

बीड वेल्डिंग होतच नाही असंही नाही. आख्खं कास्टिंग भट्टीत सावकाश तापवायचं, निकेलच्या रॉडने थोडं-थोडं भरायचं आणि गरम राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर गार होऊ द्यायचं. उद्यमनगरात असं काम करणारे हात मी पाहिले आहेत, त्यांच्यापुढे माझा हात जोडलेला आहे. ते पाचशेत होत नाही, आणि झाल्यावर हेडला टेकणारं तोंड पुन्हा सपाट करून घ्यावं लागतं ते वेगळंच.

माझ्या लेखात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. आईला आवडणार नाही म्हणून. आता लिहितो, कारण तुम्हाला हा दोन रविवारांचा हिशोब वाटतोय.

गाडीचा आधीचा मॅनिफोल्ड तडकला २०१९ ला. तेव्हा मी नोकरीच्या धबडग्यात होतो, गाडी एका गॅरेजला दिली. त्यांनी पितळेचा टाका घातला आणि मीही ‘झालं काम’ म्हणून घेऊन आलो. बिडात आयुष्य गेलेला माणूस, आणि मी तो टाका नीट वाकून बघितलासुद्धा नाही. त्याच जुलैत रत्नागिरीला निघालो होतो. आंबा घाटात धो-धो पाऊस, काचा वर, गाडी दुसऱ्या गिअरला. आई पुढच्या सीटवर. मलकापूर सोडल्यापासून ती डोकं दुखतंय म्हणत होती. घाट लागला तशी मळमळ सुरू झाली. आम्ही म्हटलं, घाट लागतोय तिला, आवळा सुपारी दिली. तिला घाट कधी लागत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. वळणावर गाडी थांबवून दार उघडलं तर तिचे पाय लटपटत होते आणि मला स्वतःला कानात घुं-घुं होत होतं. पावसात पंधरा मिनिटं बाहेर उभे राहिलो, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं. पुढचा सगळा रस्ता चारही काचा खाली करून, भिजत गेलो.

टाका सुटला होता. धूर बॉनेटखाली कोंडत होता आणि काचेखालच्या जाळीतून वाऱ्याबरोबर आत येत होता. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. माझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नाही, कार्ब्युरेटर आहे, म्हणजे त्या वायूचं प्रमाण काही कमी नसणार. परतीच्या वाटेवर मी पत्र्याचं कव्हर काढून बघितलं तेव्हा पितळेचा तो तुकडा सुकलेल्या खपलीसारखा एका कडेने लोंबत होता. बोट लावलं आणि गळून पडला.

त्यानंतर भंगार बाजारातून एक जुना मॅनिफोल्ड आणून बसवून घेतला. आता तोही तडकला. म्हणून या वेळी नवा. मारुतीने ८०० बनवणं २०१४ च्या जानेवारीत थांबवलं, तरी भाग अजून मिळतात, आणि मिळताहेत तोवर जुन्याला ठिगळ लावायची मला गरज वाटत नाही.

आणि पुस्तक. हो, वाचलं. वर्कशॉप मॅन्युअल समोर उघडं ठेवून काम केलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मॅनिफोल्डचं तोंड सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बघायचं, ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर ते तोंड घासून घ्यायचं. नट मधून कडेकडे कसत जायचे. आठ मिलिमीटरच्या स्टडला साधारण दोन किलोग्रॅम-मीटर (नट कसण्याच्या जोराचं माप) पुरतात, अंगाच्या जोराने आवळायचे नाहीत. कडेचाच स्टड नेहमी का तुटतो, तेही सांगतो. जेमतेम पाव मीटरचा मॅनिफोल्ड, पण तो पाचशे अंशांनी तापतो तेव्हा हेडपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर जास्त लांबतो. हेड ॲल्युमिनियमचं असलं तरी त्याला पाणी थंड ठेवतं. मधला स्टड जागेवर राहतो, कडेच्या दोघांना रोज अर्धा-अर्धा मिलिमीटर ओढ बसते. भोकं थोडी सैल ठेवलेली असतात ती याचसाठी. कुणी अंगाच्या जोराने आवळलं की मॅनिफोल्डला सरकायला जागा राहत नाही, आणि मग एक तर स्टड जातो, नाही तर बीड. माझ्या गाडीचा कडेचा नट काढताना पान्याला नळी घालावी लागली होती. इतका आवळलेला. तो आवळणाऱ्याने पुस्तक वाचलं असतं तर स्टड वाचला असता, असं मला वाटतं.

स्टड आणि हातड्रिलबद्दल : माझा स्टड निघाला. आटे शाबूत आहेत, नवा स्टड हाताने शेवटपर्यंत गेला. लेखातल्या फोटोत भोक थोडं बाजूला गेलेलं दिसतं, ते कॅमेऱ्याच्या कोनामुळे जास्त वाटतं. ज्याला हेड उतरवून मशीन शॉपला न्यायचंय त्याने जरूर न्यावं, मी कुणाचा हात धरलेला नाही. यापेक्षा जास्त त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

‘लोकांच्या गाड्या बिघडवू नयेत’ म्हणता. लेखाखाली बाकीच्या प्रतिक्रिया बघा. सांगलीच्या एका वाचकाने लिहिलंय की टॅपेटवर दोनदा पैसे घातल्यावर लेख वाचून त्यांनी कव्हर काढून बघितलं, आणि काजळी सापडली. त्यांनी काम मिस्त्रीकडूनच करून घेतलं. उत्तम केलं. पण काय करून घ्यायचं हे त्यांना माहीत होतं, आणि मी लिहिलं ते तेवढ्यासाठीच.

तुम्ही गॅरेज चालवत असाल तर तुमच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त सवय असणार, हे मी बिनदिक्कत मान्य करतो. मग अनुभव लिहा ना. कुठला रॉड वापरता, गार कसं करता, टाका किती वर्षं टिकला, सविस्तर लिहा. मी स्वतंत्र लेख म्हणून तुमच्या नावाने टाकीन, एक अक्षर न बदलता. पण पुन्हा ‘महाशय’ आणि ‘हौशी’ एवढंच येणार असेल तर मी उत्तर देणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

नव्या मॅनिफोल्डवर गाडी आता हजार किलोमीटर झाली. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना नट पुन्हा तपासले, दोन नट पाव आटा फिरले. हे मूळ लेखात होतं, तरी इथे परत लिहितो, कारण नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात बसतं आणि लोक इथेच चुकतात. तुटलेला स्टड, आणि परतीच्या वाटेवर गळून पडलेला तो पितळेचा तुकडा, दोन्ही माझ्या पान्यांच्या पेटीत एका डबीत आहेत. कोल्हापूरला आलात तर दाखवीन.