चालायला येतंय का?

आमची आई दोनदा पंढरपूरला चालत जाऊन आलीय. दिंडीतनं, उन्हातान्हात, साध्या चपलेवर. तीच आई आता घरापासनं मंडईपर्यंत, म्हणजे जेमतेम दहा मिनिटं, तेवढं जायचं म्हटलं की मला म्हणते, "स्कूटरवरनं सोड की रे, मला काय जमायचं नाही बघ." मला वाटायचं गुडघे दुखत असतील. मग एकदा नीट बसून विचारलं तर म्हणाली गुडघ्याचं काय नाही, हायवेच्या कडेनं चालताना वाटली नाही तेवढी भीती आपल्या गल्लीच्या तोंडाला वाटते, तिकडं दिंडी बघून ट्रकवाला तरी थांबतोय.

हे डोक्यात घोळत होतं आणि त्याच आठवड्यात शेजारची दोन इंजिनिअरिंगची पोरं एक फॉर्म घेऊन आली. बेंगळूरच्या कुठल्या मित्राकडनं मिळालेला, फुटपाथ तपासायचा. रुंदी किती, फरशी फुटलीय का, लाईट आहे का, रस्ता ओलांडायला सोय आहे का, बाईमाणसाला रात्री सुरक्षित वाटतंय का, अशी वीस-पंचवीस खणांची यादी, सगळी इंग्लिशमध्ये. आम्ही सहाजण जमलो, त्यात एक रिटायर झालेले कन्नड शाळेचे मास्तर, एक मेडिकल दुकानवाले काका, पलीकडच्या गल्लीतल्या एक वहिनी. पहिला अर्धा तास 'वॉकेबिलिटी'ला मराठीत काय म्हणायचं ह्यावरच गेला. एकजण म्हणाला पादचारी-सुलभता, दुसरा म्हणाला चालण्यायोग्यता, आई चहा देताना म्हणाली, "चालायला येतंय का, असं विचारायचंय न्हवं? मग तसंच लिवा की." लिहिलं तसंच.

पहिला फेरा आम्ही रविवारी सकाळी सात वाजता काढला आणि पार फसलो. रविवारी सकाळी बेळगावात दूधवाले आणि फिरायला निघालेले पेन्शनर सोडले तर कोण असतंय? दुकानं बंद, गाड्या घरात, फुटपाथ मोकळा, सगळ्या खणांत बरोबरच्या खुणा. त्या कागदावर आमचा रस्ता युरोपातला वाटायला लागला. मग तोच रस्ता सोमवारी संध्याकाळी साडेसहाला चाललो तर निम्म्या खुणा उलट्या झाल्या, आणि बाजाराच्या दिवशी तर आम्ही फुटपाथवर पायच ठेवू शकलो नाही, सगळा वेळ रस्त्यावरनंच गेलो, पाठीमागनं हॉर्न. एकच फुटपाथ, तीन वेळा, तीन निकाल. म्हणून कुणी असलं काम करणार असेल तर आधीच सांगतो, जेव्हा माणसं चालतात तेव्हाच मोजा.

टेप काढला की आणखी एक मजा. दर दहा पावलांवर कोणतरी दुकानातनं बाहेर येऊन विचारणार, "काय मोजायलालाय वो? रस्ता रुंद करायलालेत काय?" आमच्या गावात टेप दिसला की माणसाच्या पोटात गोळा येतो. एका आजोबांनी तर घरातनं उतारा आणून दाखवला. त्यांना समजावण्यात पंधरा मिनिटं गेली आणि शेवटी ते पण आमच्याबरोबर चालायला लागले.

(कुठला रस्ता, कुठली गल्ली ते मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की पोस्टखाली वॉर्डाचं राजकारण चालू होतंय आणि फरशी राहते बाजूला.)

आता मूळ गोष्ट. फॉर्ममधला पहिलाच प्रश्न, फुटपाथ आहे का? आम्ही तिथंच अडकलो. कारण जुन्या गल्ल्यांत आपण ज्याला फुटपाथ म्हणतो तो फुटपाथ नव्हेच, ते गटाराचं झाकण आहे. पाणी जायला गटार बांधलं, ते उघडं दिसू नये म्हणून वर स्लॅब टाकली, आणि वर जागा उरली म्हणून माणसं चालायला लागली. त्यामुळं रुंदी गटाराएवढी, उंची गटार सांगेल तेवढी, आणि गटार साफ करायला स्लॅब उचलली की ती परत जागेवर बसेल ह्याची खात्री नाही. उचलणाऱ्याची चूक म्हणत नाही मी, ती बिचारी माणसं पहारीनं दीड-दोनशे किलोचं धूड उपसतात, ते उचलतानाच कोपरा तुटतो, मग तुटलेली स्लॅब बसवायची कशावर? आणि जुलैमध्ये आपल्याकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस सुटत नाही, पाणी स्लॅबच्या वरनं वाहायलालंय, खाली भोक आहे की नाही कुणाला दिसणार. म्हणून लोक काय करतात, भोकात झाडाची फांदी खोचून ठेवतात. आमच्या पोरांनी फॉर्ममध्ये स्वतःच्या हातानं एक खण वाढवला, 'फांदी आहे का'. हसू नका, सगळ्यात खरी माहिती त्याच खणात मिळाली. एका भोकातली फांदी इतकी जुनी होती की तिला कुणीतरी हळदीकुंकू लावलेलं.

मास्तरांनी इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम काढून आणले. ही काँग्रेस म्हणजे आपल्या काँग्रेस रोडची नव्हे. आपल्या रोडला नाव पडलं ते 1924 साली बेळगावात भरलेल्या काँग्रेस पक्षाच्या अधिवेशनावरनं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते. ही दुसरी, रस्ते बांधायचे नियम ठरवणारी, बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या कमिटीनं सुचवलं म्हणून 1934 साली निघाली. तर तिचं म्हणणं असं, राहत्या वस्तीत चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा पाहिजे, म्हणजे सहा फुटाला थोडं कमी, वरती 2.2 मीटर काही लोंबत नको, आणि फुटपाथची उंची रस्त्यापासनं 150 मिलिमीटरच्या वर नको, अर्धा फूट. मोकळी जागा म्हणजे खांब, विजेची डीपी, झाड, बोर्ड हे सगळं वजा करून उरते ती. आम्ही जिथं सगळ्यात अरुंद तिथं टेप लावायचं ठरवलं, कारण नव्वद टक्के फुटपाथ रुंद असून उपयोग नाही, जिथं अडतंय तिथनं माणूस खाली रस्त्यावर उतरतोच. एका ठिकाणी ट्रान्सफॉर्मरचं कुंपण आणि भिंत ह्यात उरलेली जागा मोजायला टेप लागलाच नाही, आईनं आडवी पिशवी धरून दाखवली, बसली नाही.

उंचीचं मात्र अवघड आहे. कमी ठेवली की बुलेटवाला सरळ वर चढवून पार्किंग करतो. जास्त ठेवली की म्हातारं माणूस चढत नाही, ते रस्त्यावरनंच जातं. आणि त्यात प्रत्येक घराचा रॅम्प. गाडी आत न्यायला प्रत्येकानं फुटपाथ फोडून आपापला उतार केलाय, एकाचा सिमेंटचा, एकाचा कडाप्पा, एकाचा लोखंडी पत्रा, म्हणजे फुटपाथ सरळ राहतच नाही, चढ-उतार, चढ-उतार. दिंडीतल्या घाटापेक्षा वाईट, हे आईचे शब्द. एका गेटासमोरच्या रॅम्पवर आमची पोरं थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. माझाच होता. मागच्या साली नवीन स्कूटर घेतली तेव्हा गवंड्याला सांगून घातलेला, गुळगुळीत, वर घोटाई केलेली, पावसात त्यावरनं पाय नक्की घसरणार. मी म्हटलं लिहा की, त्यात काय. वहिनींनी लाल पेननं लिहिलं. घरी येऊन दोन दिवस मी त्याच्यावर काही बोललो नाही.

खरं भांडण झालं ते भाजीवालीवरनं. कोपऱ्यावर एक मावशी बसते, पोतं पसरून मेथी, तांदळी, लिंबं. मेडिकलवाले काका म्हणाले अतिक्रमण, लिहा, हिला आधी उठवायला पाहिजे. पोरंही लिहायला निघाली. आई म्हणाली थांबा. म्हणाली, ह्या अख्ख्या रस्त्यात मी बसू शकते अशी एकच जागा आहे आणि ती हिच्या शेजारचा क्रेट. रात्री आठनंतर ह्या कोपऱ्यावर लाईट असतोय तो हिच्या बल्बाचा. ती उठली की पहिल्यांदा मीच इकडनं यायचं बंद करणार. काकांना पटलं नाही, अजून पटलेलं नाही, त्यांचंही खोटं नाही कारण व्हीलचेअर तिथनं जाणार नाही हे खरंच आहे. पण मला विचाराल तर मावशीचं पोतं दोन फूट, आणि तिच्या समोर सरळ वर चढवून लावलेली चारचाकी सहा फूट, तरी बोट पहिल्यांदा मावशीकडंच का जातं? 2014चा फेरीवाल्यांचा कायदा पण हेच सांगतोय, आधी त्यांची मोजणी करा, कमिटीत त्यांची माणसं घ्या, जागा ठरवून द्या, मोजणी होईपर्यंत उठवू नका. चारचाकीवाल्यासाठी असला कायदा कुणी केलेला नाही, तरी ती जागेवरच.

पिवळ्या फरशीचंही सांगायला पाहिजे. 2016 साली आपलं गाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, त्यानंतर काही रस्त्यांना खरंच चांगले फुटपाथ झाले, नाही कसं म्हणू. तिथं मधनं पिवळ्या नक्षीच्या फरशा दिसतात. आम्हा सहाजणांतल्या चौघांना ती डिझाईन वाटत होती. ती अंध माणसांसाठी आहे, उभ्या रेघा म्हणजे सरळ चाला, ठिपके म्हणजे थांबा, काठीनं आणि तळपायानं कळतंय. जपानमध्ये 1967 साली पहिल्यांदा बसवली. आता त्या रेघा सरळ जाऊन जर विजेच्या खांबाला धडकत असतील तर त्या नसलेल्या बऱ्या. मोटरसायकली तर हमखास त्यावरच, ओळीत लावल्यासारख्या.

रस्ता ओलांडायचं गणित असं की माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरतात. म्हणजे 14 मीटरचा रस्ता 12 सेकंदांत. आईला हातात पिशवी देऊन घड्याळ लावलं, तिला पंचवीस लागले, आणि त्यातले पाच मधल्या डिव्हायडरवर 'आता जाऊ का' असं माझ्याकडं बघण्यात.

फॉर्म भरून झाल्यावर अर्जी द्यायची वेळ आली. मराठीत दिली तर घेणार का, कन्नडमध्ये दिली तर आपलेच लोक काय म्हणतील, ह्यावर एक अख्खी संध्याकाळ गेली असती पण मास्तरांनी विषयच संपवला. म्हणाले, गटारात पाय गेला की तू 'आई गं' म्हणणार, मी 'अय्यो' म्हणणार, दुखतंय तेवढंच. त्यांनी कन्नडमध्ये लिहिली, आम्ही मराठी प्रत जोडली, फोटो लावले. सुप्रीम कोर्टानं 2025च्या मे महिन्यात म्हटलंय की चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्कातच येतो, कलम 21, ते पण वर घातलं. आणि 2022 साली देशात रस्त्यावर मेलेल्या 1,68,491 माणसांत 32,825 नुसती चालणारी होती, तेही. ज्या ऑफिसात गेलो तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तुम्ही कुठल्या पार्टीचे? आम्ही म्हटलं चालणाऱ्यांचे. त्यांना जोक वाटला. सही-शिक्का मात्र मिळाला.

आजपर्यंत काय झालं तर तीन स्लॅबा बदलल्या, एक फांदी निघाली, ट्रान्सफॉर्मर तिथंच. माझा रॅम्प मी फोडला, उतार गेटाच्या आत घेतला. आत तेवढी जागा नाही त्यामुळं स्कूटर आता पायरीला घासतेय, बायको रोज ऐकवते.

पुढचा फेरा गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला, मारुतीच्या देवळासमोर जमायचं. टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, शहापूर, कुठलेही असा, या. फॉर्म, टेप आमच्याकडं आहे. मागच्या वेळी चालायच्या फेरीला चारजण गाडीवरनं आले आणि गाड्या फुटपाथवर लावल्या, तेवढं करू नका. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस बरोबर आणा, टेपपेक्षा त्यांचं जास्त उपयोगी पडतंय. आई येणार आहे. परत जाताना सोडायला लागणार, असं आत्ताच सांगून ठेवलंय तिनं.