‘एनेबल करा, रीस्टार्ट लावा, स्टोनिथ बंद करा’: क्लस्टरच्या नावाखाली फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

दोन नोडचं क्लस्टर, म्हणजे एक सर्व्हर (नोड) पडला तर दुसऱ्याने काम उचलावं अशी जोडणी, उभं करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. त्याचा गोषवारा असा: पेसमेकरच्या, म्हणजे कोणती सर्व्हिस कुठल्या नोडवर चालेल ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, तपशिलात फार शिरू नका. सर्व्हिस दोन्ही नोडवर सिस्टिमसीटीएलने (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टिमडीची कमांड) एनेबल करा, म्हणजे बूट होताच ती उठेल; युनिट फाइलमध्ये (सर्व्हिसचं सिस्टिमडीतलं कॉन्फिग) रीस्टार्ट=ऑलवेज लावा आणि क्लस्टरकडे फक्त व्हर्च्युअल आयपी, म्हणजे एका नोडवरून दुसऱ्यावर हलणारा पत्ता, सोपवा. क्रम हवा असेल तर युनिटमध्ये आफ्टर (कुणानंतर उठायचं) आणि रिक्वायर्स (कुणाशिवाय चालत नाही) लिहा. नोड दोनच आहेत, तेव्हा स्टोनिथ (बिघडलेल्या नोडला जबरदस्तीने बंद करणं, म्हणजेच फेन्सिंग) बंद ठेवा आणि नो-कोरम-पॉलिसी (नोडचं बहुमत नसताना काय करायचं ते ठरवणारा पर्याय) इग्नोर करा. देखभालीला नेहमीचं सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट पुरतं.

हे सगळं केलं की क्लस्टर पाच मिनिटांत हिरवं दिसतं. म्हणूनच हा सल्ला लोकांना आवडतो, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. नोड धडधाकट असताना कुठलीही रचना चालते. एक नोड अर्धवट मेल्यावर काय होतं, हे पाहण्यासाठीच तर क्लस्टर बांधायचं असतं.

आधी या सल्ल्यात खरं किती ते सांगतो. एचएप्रॉक्सी किंवा एनजिनएक्ससारखी, आलेल्या वेब विनंत्या पुढे पाठवणारी आणि स्वतःजवळ डेटा न ठेवणारी सर्व्हिस असेल, तर ती दोन्ही नोडवर कायम चालू ठेवून फक्त आयपी हलवणं अगदी योग्य आहे. कीपअलाइव्हडी हे आयपी हलवणारं छोटं सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. त्यातही ट्रॅक स्क्रिप्ट लावून सर्व्हिसची तब्येत तपासावी लागते. शिवाय ज्या नोडवर आयपी नाही तिथेही सर्व्हिसला त्या पत्त्यावर बाइंड करता यावं म्हणून कर्नलमधलं आयपी नॉनलोकल बाइंड १ करावं लागतं. पेसमेकरमध्ये याच कामासाठी क्लोन रिसोर्स आहे (रिसोर्स म्हणजे क्लस्टर सांभाळतं ती सर्व्हिस, डिस्क किंवा आयपी; क्लोन एकाच वेळी अनेक नोडवर चालतो). पण डेटाबेस, एनएफएस, मेल स्टोअर, म्हणजे एका वेळी एकाच नोडवर चालली पाहिजे अशी कुठलीही सर्व्हिस आली की हा सल्ला लागू पडत नाही.

‘सर्व्हिस दोन्ही नोडवर एनेबल करा’

नोड क्लस्टरमध्ये सामील होतो तेव्हा पेसमेकर त्या नोडवर प्रत्येक रिसोर्सचा प्रोब करतो, म्हणजे ती तिथे आधीच चालू आहे का हे एकदा तपासतो. आता डेटाबेस सिस्टिमडी प्रकारचा रिसोर्स आहे, म्हणजे पेसमेकर त्याला सिस्टिमडीमार्फत चालवतो, आणि पहिल्या नोडवर नीट चालू आहे असं धरा. दुसरा नोड रीबूट झाला. युनिट एनेबल असल्यामुळे सिस्टिमडीने डेटाबेस परस्पर चालू केला. शेअर्ड डिस्क तिथे माउंट नव्हती, पण पॅकेज इन्स्टॉल करताना माउंट पॉइंटखाली तयार झालेली कोऱ्या डेटाबेसची डेटा डिरेक्टरी तशीच पडून होती, त्यामुळे डेटाबेस तीच घेऊन उठला. मग पेसमेकरचा प्रोब आला आणि त्याला एक रिसोर्स दोन नोडवर चालू दिसला. अशा वेळी काय करायचं हे मल्टिपल-ॲक्टिव्ह हा पर्याय ठरवतो आणि त्याचं डीफॉल्ट आहे स्टॉप-स्टार्ट: दोन्हीकडे बंद करा, मग एकीकडे चालू करा. म्हणजे निव्वळ राखीव नोड रीबूट झाला आणि ज्याला काहीही झालं नव्हतं तो डेटाबेस ग्राहक जोडलेले असताना बंद पडला. ग्रुपमध्ये त्याच्यानंतर आयपी असेल तर तोही खाली गेला.

सिस्टिमडीने सर्व्हिस प्रोब होऊन गेल्यावर चालू केली, तर परिस्थिती आणखी वाईट. रिसोर्स जिथे चालू असायला हवा तिथेच पेसमेकर नियमित मॉनिटर करतो. बाकीच्या नोडवर लक्ष ठेवायचं असेल तर रोल=स्टॉप्ड असा वेगळा मॉनिटर, वेगळ्या इंटरव्हलने, स्वतः लिहावा लागतो. तो नसेल तर दुसरी प्रत किती दिवस चालली हे कुणालाच कळत नाही. आणि हीच चूक एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्याची यादी) असली, म्हणजे शेअर्ड डिस्कवरची एक्सएफएस किंवा एक्स्ट४ फाइलसिस्टिम दोन्ही नोडवर आपोआप माउंट होत असली, तर बॅकअप शोधण्यापलीकडे हाती काही उरत नाही. या फाइलसिस्टिम एका वेळी एकाच कर्नलने लिहायच्या असतात.

तेव्हा क्लस्टरच्या ताब्यातली प्रत्येक सर्व्हिस प्रत्येक नोडवर डिसेबल हवी. पण नुसतं सर्व्हिस युनिट डिसेबल करून भागत नाही. त्याच नावाचं सॉकेट, टाइमर किंवा पाथ युनिट एनेबल राहिलं तर ते सर्व्हिसला उठवतं. डेबियनच्या पॅकेजमधल्या सर्व्हिस इन्स्टॉल होताच सहसा एनेबल आणि चालूही होतात, म्हणून इन्स्टॉल केल्यावर इज-एनेबल्डने पुन्हा तपासा. ॲन्सिबलच्या (सर्व्हरचं कॉन्फिग आपोआप लावणारं साधन) प्लेबुकमध्ये जुनं ‘एनेबल्ड: येस, स्टेट: स्टार्टेड’ राहिलं असेल, तर पुढच्या फेरीत ते राखीव नोडवर सर्व्हिस चालू करून मोकळं होतं. प्रत्यक्षात हे कारण फार वेळा सापडतं आणि फार उशिरा सापडतं.

मास्क करताना, म्हणजे युनिट कुणालाच चालू करता येऊ नये असं करताना, मात्र सावध राहा. रिसोर्स सिस्टिमडी प्रकारचा असेल आणि युनिट मास्क केलं, तर पेसमेकरलाही ते चालू करता येणार नाही. ओसीएफ एजंट (सर्व्हिस चालू, बंद करणारी आणि तपासणारी क्लस्टरची स्क्रिप्ट) डेटाबेसला थेट स्वतः चालू करत असेल, युनिट मध्ये येतच नसेल, तर मात्र युनिट मास्क करणं उत्तम.

‘रीस्टार्ट=ऑलवेज लावा, सर्व्हिस पडणारच नाही’

पेसमेकर सिस्टिमडी प्रकारचा रिसोर्स चालू करतो तेव्हा रन फोल्डरातल्या सिस्टिमडीच्या जागेत त्या युनिटसाठी ५०-पेसमेकर नावाची एक तात्पुरती ड्रॉप-इन फाइल (मूळ युनिटमध्ये भर घालणारी) टाकतो आणि तिच्यात रीस्टार्ट=नो असतं. म्हणजे सर्व्हिस क्लस्टरने चालू केली असेल तर तुमचं ऑलवेज लागूच होत नाही. ते लागू होतं फक्त सर्व्हिस क्लस्टरच्या नकळत चालू झाली असेल तर, आणि नेमकं तेच आपल्याला नको आहे.

आता सल्ल्याप्रमाणे क्लस्टरकडे फक्त आयपी आहे असं समजू. सर्व्हिस उठल्या उठल्या क्रॅश होते आहे. सिस्टिमडीचं डीफॉल्ट रीस्टार्टसेक, म्हणजे पुन्हा उठवण्याआधीचं थांबणं, १०० मिलिसेकंद आणि उठवण्याची मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा. म्हणजे काही क्षणांतच ती मर्यादा संपते, युनिट फेल्ड होतं आणि सिस्टिमडी हात टेकतं. आयपी मात्र त्याच नोडवर ठाण मांडून बसतो, कारण सर्व्हिस मेली हे क्लस्टरला कुणी सांगितलेलंच नाही. दुसरा नोड रिकामा आणि धडधाकट असून ग्राहकांना कनेक्शन नाकारलं जातं.

पेसमेकरलाही सगळं आपोआप कळतं असं मात्र नाही. किती अपयशांनंतर रिसोर्स दुसऱ्या नोडवर न्यायचा ते सांगणाऱ्या मायग्रेशन-थ्रेशोल्डचं डीफॉल्ट इन्फिनिटी आहे. त्यामुळे मॉनिटर कितीही वेळा फेल झाला तरी रिसोर्स त्याच नोडवर पुन्हा पुन्हा चालू केला जातो. ते ३ ठेवा आणि जोडीला फेल्युअर-टाइमआउट द्या, १० मिनिटं म्हणा, म्हणजे जुन्या चुका कायम मोजल्या जाणार नाहीत. स्टार्ट फेल झाला तर मात्र डीफॉल्टनेच तो नोड लगेच बाद होतो.

आणखी एक फरक ध्यानात घ्या. सिस्टिमडी प्रकारचा मॉनिटर युनिट ॲक्टिव्ह आहे का, एवढंच विचारतो. प्रोसेस जिवंत आहे पण डिस्कवर अडकली आहे, अशा डेटाबेसला तो ठणठणीत म्हणेल. पोस्टग्रेसचा ओसीएफ एजंट एक छोटी क्वेरी चालवून पाहतो. डेटा सांभाळणाऱ्या सर्व्हिससाठी चांगला ओसीएफ एजंट उपलब्ध असेल तर मी तोच निवडेन.

टाइमआउटमध्ये तर लोक हमखास फसतात. पेसमेकरच्या कुठल्याही ऑपरेशनचा मूळ टाइमआउट २० सेकंद आहे. पीसीएसने (पेसमेकर हाताळायची कमांड) सिस्टिमडी रिसोर्स तयार केला तर स्टार्ट आणि स्टॉपला १०० सेकंद मिळतात, कारण सिस्टिमडीचं डीफॉल्ट ९० सेकंद असतं. पण मोठ्या डेटाबेसच्या युनिटमध्ये टाइमआउटस्टॉपसेक, म्हणजे बंद व्हायला दिलेली मुदत, ३०० सेकंद केलं असेल तर हे १०० कमी पडणार. नियम असा: पेसमेकरचा स्टॉप टाइमआउट युनिटच्या स्टॉप टाइमआउटपेक्षा मोठा हवा, म्हणजे पेसमेकर आशा सोडायच्या आत सिस्टिमडीला प्रोसेस जबरदस्तीने मारायची संधी मिळते. इथे ३३० ठेवा. स्टॉप फेल होणं इतकं गंभीर का, ते स्टोनिथच्या मुद्द्यात येतं.

‘क्रमासाठी आफ्टर आणि रिक्वायर्स पुरेसं आहे’

ही दोन्ही बंधनं एका नोडच्या हद्दीत चालतात. डिस्क दुसऱ्या नोडवर आहे हे सिस्टिमडीला माहीत असण्याचं कारण नाही. क्लस्टरमध्ये दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात: कोण कुणासोबत एकाच नोडवर राहील ते कोलोकेशन, आणि कोण आधी उठेल ते ऑर्डर. एक लिहून दुसरं विसरलात, तर रिसोर्स क्रमाने उठतात पण वेगवेगळ्या नोडवर, किंवा एकाच नोडवर उठतात पण वाटेल त्या क्रमाने. ग्रुप केला की दोन्ही मिळतं: एलव्हीएम (डिस्कचे व्हॉल्यूम), मग फाइलसिस्टिम, मग डेटाबेस, शेवटी आयपी. बंद होताना हाच क्रम उलटा.

रिक्वायर्समुळे प्रत्यक्ष नुकसानही होतं. मॉनिटरिंगचा एक छोटा एक्स्पोर्टर (आकडे गोळा करून देणारी सर्व्हिस) दोन्ही नोडवर एनेबल आहे आणि त्याच्या युनिटमध्ये रिक्वायर्स=पोस्टग्रेसक्यूएल लिहिलं आहे. राखीव नोडवर एक्स्पोर्टर उठला की तो डेटाबेसलाही उठवतो, डेटाबेसचं युनिट डिसेबल असलं तरी. सिस्टिमसीटीएलच्या लिस्ट-डिपेंडन्सीजला रिव्हर्स लावून कोण कोण आपल्या सर्व्हिसला ओढतं ते एकदा बघून घ्या.

उलट दिशेने मात्र सिस्टिमडीचं बंधन हवंच. आयस्कझीचं (नेटवर्कवरून मिळणारी डिस्क) लॉगिन किंवा बाहेरचा एनएफएस माउंट सिस्टिमडीच्या हाती असेल आणि क्लस्टरचे रिसोर्स त्यावर अवलंबून असतील, तर रिसोर्स-एजंट्स-डेप्स टार्गेटला ड्रॉप-इन देऊन त्यात रिक्वायर्स आणि आफ्टर लिहा. नाहीतर नोड शटडाउन होताना डिस्क आधी जाते, पेसमेकरचा स्टॉप अडकतो, आणि साधं रीबूट फेन्सिंगवर जाऊन थांबतं.

‘दोनच नोड आहेत, स्टोनिथ बंद ठेवा’

संपूर्ण सल्ल्यात सर्वांत घातक ओळ हीच. नोडकडून निरोप येणं थांबलं याचा अर्थ तो मेला असा होत नाही. नेटवर्क तुटलं असेल, कर्नल काही सेकंद अडकला असेल. तो डिस्कवर अजून लिहीत असू शकतो. फेन्सिंग म्हणजे तो लिहीत नाही याची खात्री करणं. ती मिळेपर्यंत पेसमेकर त्याचे रिसोर्स दुसरीकडे चालू करत नाही. ‘फेन्सिंगमुळे फेलओव्हर अडकला’ ही तक्रार म्हणूनच चुकीच्या ठिकाणी केलेली आहे. अडकणं हेच तिथे बरोबर वागणं होतं.

स्टोनिथ बंद केल्याने अडकणं टळतं असंही नाही. स्टॉप फेल झाला आणि फेन्सिंग चालू असेल, तर डीफॉल्टने तो नोड फेन्स होतो आणि सर्व्हिस दुसरीकडे उठते. फेन्सिंग बंद असेल तर डीफॉल्ट आहे ब्लॉक: रिसोर्स आहे तिथेच गोठतो आणि माणूस येईपर्यंत हलत नाही.

नोड फेन्स करायला बहुधा वापरलं जाणारं आयपीएमआय (सर्व्हरमधली दूरवरून चालू-बंद करायची सोय) असतं; त्याला सर्व्हरचीच वीज लागते, म्हणून पॉवर गेली की फेन्सिंगही फेल होतं. यावर दोन पातळ्या लावा: आधी आयपीएमआय, ते जमलं नाही तर पीडीयू (दूरवरून वीज तोडता येणारा पॉवर बोर्ड). सिस्टिमडीच्या लॉगिनडीमध्ये हँडलपॉवरकी=इग्नोर करा, नाहीतर पॉवर बटणाचा इशारा मिळाल्यावर नोड सावकाश शटडाउन करत बसतो. दोन नोड एकाच वेळी एकमेकांना मारू नयेत म्हणून पीसीएमके_डिले_बेस (फेन्स करण्याआधीचा उशीर) ५ सेकंद द्या, पण जो नोड वाचायला हवा त्याला मारणाऱ्या डिव्हाइसवर. हे उलटं लावलेलं बऱ्याचदा दिसतं.

चाचणी खरी करा. पीसीएस स्टोनिथ फेन्स देऊन नोड बंद होतो का बघा. मग सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये ‘सी’ लिहून कर्नल पॅनिक करा. मग फायरवॉलने कोरोसिंकचा (नोडमधले निरोप वाहणारं आणि मतं मोजणारं सॉफ्टवेअर) यूडीपी ५४०५ पोर्ट दोन्ही दिशांनी अडवा. शेवटी वायर ओढा. नोड बंद आहे असं पेसमेकरला सांगणारी स्टोनिथ कन्फर्म ही कमांड नोड बंद असल्याची स्वतः खात्री करूनच द्यायची. ती दिली की पेसमेकर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

‘नो-कोरम-पॉलिसी इग्नोर करा’

हा जुन्या कोरोसिंकच्या काळातला उपाय आहे. आता कोरोसिंकच्या कॉन्फिगमध्ये टू_नोड: १ असतं आणि त्याने वेट_फॉर_ऑल आपोआप लागू होतं, म्हणजे थंड सुरुवातीला दोघे एकमेकांना एकदा दिसल्याशिवाय कुणीच रिसोर्स उठवत नाही. पॉलिसी स्टॉपवरच राहू द्या. तिसरं मत हवं असेल तर वेगळ्या यंत्रावर क्यूनेटडी (बाहेरून मत देणारी सर्व्हिस) चालवा; त्याला टीसीपी ५४०३ लागतो.

‘देखभालीला सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट चालतं’

मॉनिटर त्या मधल्या क्षणी आला तर ते अपयश म्हणून मोजलं जातं आणि पेसमेकर तुमच्या हातातली सर्व्हिस स्वतः उठवायला लागतो. रीस्टार्टसाठी पीसीएस रिसोर्स रीस्टार्ट, बंद ठेवायची तर पीसीएस रिसोर्स डिसेबल, अख्खा नोड मोकळा करायचा तर पीसीएसचं स्टँडबाय. कॉन्फिग तपासत सर्व्हिस हाताने चालू-बंद करायची असेल तर अनमॅनेज (पेसमेकरने हात लावू नये असं सांगणं) द्या, पण --मॉनिटरसह. नुसत्या अनमॅनेजमध्ये मॉनिटर चालूच राहतो आणि फेल-काउंट वाढत जातो. मेंटेनन्स मोडमध्ये (पेसमेकर सगळ्याच रिसोर्सना हात लावत नाही) सर्व्हिस दुसऱ्या नोडवर हाताने नेली असेल, तर मोड काढण्यापूर्वी रिसोर्स रिफ्रेश द्या आणि सीआरएम_सिम्युलेटने पेसमेकर पुढे काय करणार ते वाचा. जुन्या पीसीएसमध्ये मूव्ह केल्यावर लोकेशनचं बंधन मागे राहतं, ते क्लिअरने काढा, ०.११ पासून ते आपोआप निघतं.

लॉगरोटेटच्या (जुन्या लॉग फाइल बदलणारं साधन) स्क्रिप्टमध्ये लपलेलं रीस्टार्टही याच जातीचं. तिथे रीलोड लिहा. पॅकेज अपडेटच्या शेवटी चालणाऱ्या स्क्रिप्टही चालू सर्व्हिस रीस्टार्ट करतात, म्हणून अपडेट आधी स्टँडबाय केलेल्या नोडवर, मग रिसोर्स तिकडे हलवून दुसऱ्यावर.