‘अमॅच्युअर पोरगा जिंकला म्हणजे स्नूकर संपलं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

नागपुरातल्या स्नूकरवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे आणि काही केल्या थांबत नाही. सदरवाल्यांनी टाकला, धरमपेठवाल्यांनी पुढे ढकलला, मग माझ्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर टाकला जिथे एरवी फक्त लग्नाच्या पत्रिका येतात. मेसेज लांबलचक आहे पण म्हणणं एवढंच की २०२४-२५ च्या सीझनने प्रोफेशनल स्नूकरचं पितळ उघडं पाडलं. कारणं पाच दिलीत. एका अमॅच्युअर पोराने वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली म्हणजे प्रो लोकांचा दर्जा गेला. फायनलला पन्नाशीचा माणूस होता म्हणजे नवीन रक्तच नाही. वर्षभराच्या बाकीच्या स्पर्धा नुसती भरती, खरं काय ते शेफील्डचे, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपचे, सतरा दिवस. जिंकणाऱ्यावर आधी बंदी होती म्हणजे सगळी सेटिंग. आणि शेवटी, हा गोऱ्यांचा खेळ आहे, आपल्या पोट्ट्यांनी नाद सोडावा.

मी तो सीझन सुरुवातीपासून पाहिलाय आणि हा मेसेज वाचून खरंच वाईट वाटलं, कारण खाली अंगठे देणाऱ्यांमध्ये रोज क्यू हातात घेणारी पोरं आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी अमॅच्युअरचं. झाओ शिनतोंग मे २०२५ मध्ये चॅम्पियन झाला तेव्हा कागदावर अमॅच्युअर होता, हे खरं. पण अमॅच्युअर म्हणजे काय तर त्याच्याकडे टूर कार्ड, म्हणजे प्रोफेशनल टूरवर खेळायचा परवाना, नव्हतं, एवढंच. हा पोरगा २०२१ साली यूके चॅम्पियनशिप जिंकलेला आहे, फायनलला लुका ब्रेसेलला १०-५ ने हरवून, आणि लगेच २०२२ ला जर्मन मास्टर्सच्या फायनलमध्ये यान बिंगताओला ९-०, म्हणजे समोरच्याला एक फ्रेम (एक डाव) दिली नाही. बंदीमुळे कार्ड गेलं (बंदीवर खाली बोलतो), परत आला तेव्हा क्यू टूरवर म्हणजे खालच्या पायरीवर खेळावं लागलं, तिथे स्पर्धांमागून स्पर्धा जिंकल्या आणि पुढच्या सीझनचं कार्ड मिळवलं. आता असा माणूस क्रुसिबलला (शेफील्डचा हॉल, वर्ल्ड चॅम्पियनशिप तिथेच होते) जिंकला तर कोणीतरी गल्लीतून उठून आला आणि कप घेऊन गेला असं कसं म्हणता बे तुम्ही?

आणि जिंकला कसा तेही बघा. रँकिंगमधले टॉप सोळावाले थेट क्रुसिबलला उतरतात, याला आधी चार क्वालिफाइंग मॅच खेळाव्या लागल्या, प्रत्येक बेस्ट ऑफ १९, शेवटच्या मॅचला एलियट स्लेसरने त्याला १०-८ पर्यंत खेचलं. मग मुख्य ड्रॉमध्ये पहिलाच जॅक जोन्स, म्हणजे आदल्या वर्षीचा रनरअप, त्याला १०-४. लेई पेइफानला १३-१०, ख्रिस वेकलिनला १३-५. सेमीला रॉनी ओसुलिव्हन, १७-७, एक सेशन बाकी असतानाच मॅच संपली. फायनलला मार्क विल्यम्स, १८-१२. क्रुसिबलच्या पाच मॅचमध्ये ७१ फ्रेम जिंकल्या आणि ३८ हरला. सेमी बेस्ट ऑफ ३३ असते, फायनल बेस्ट ऑफ ३५, दोन दिवस चार सेशन. एखादी फ्रेम फ्लूकवर निघते, दोन फ्रेम निघतील, पण इतक्या लांब मॅचमध्ये नशीब कोणाला शेवटपर्यंत पुरत नाही, हे ज्याने टेबलचे पैसे पणाला लावून संध्याकाळभर खेळलंय त्याला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, रॉनी जानेवारीत चॅम्पियनशिप लीगमध्ये क्यू मोडून बसला होता आणि त्यानंतर थेट क्रुसिबललाच उतरला, सराव कमी होता. पण त्याच रॉनीने सेमीला येईपर्यंत अली कार्टरला १०-४ आणि पांग जुनशूला १३-४ केलं होतं. तिथे दर्जा गेला नव्हता आणि सेमीला एकदम गेला, असं होत नाही.

क्वालिफायर जिंकणंही पहिल्यांदा झालेलं नाही. १९७२ ला अलेक्स हिगिन्स, १९७९ ला टेरी ग्रिफिथ्स, २००५ ला शॉन मर्फी, तिघेही क्वालिफाइंग खेळून वर आले आणि चॅम्पियन झाले. त्यांच्यामुळे स्नूकर संपलं नाही.

दुसरा मुद्दा, पन्नाशीचा माणूस. विल्यम्स फायनलला पोहोचला तेव्हा ५० वर्षांचा होता, वर्ल्ड फायनल खेळलेला सगळ्यात वयस्कर खेळाडू, १९८२ चा रे रीअर्डनचा विक्रम मोडला त्याने. मेसेजवाल्याला यात लाज दिसते. पण विल्यम्स सीझनभर काय करत होता ते त्याने पाहिलंच नाही. सौदी अरेबिया मास्टर्सच्या फायनलला जड ट्रम्पला १०-९ पर्यंत नेलं, नोव्हेंबरमध्ये चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स शिआओ ग्वोदोंगला हरवून जिंकली, क्रुसिबलला क्वार्टरमध्ये जॉन हिगिन्सला १३-१२ आणि सेमीला जगातल्या नंबर एकच्या ट्रम्पलाच १७-१४ ने बाहेर काढलं. म्हणजे म्हातारे चांगले खेळले म्हणून तरुण वाईट ठरतात का? आणि नवीन रक्त नाही म्हणता तर हे कोण आहेत सांगा ना: लेई पेइफान, एकवीस वर्षांचा, स्कॉटिश ओपन जिंकला आणि क्रुसिबलला पहिल्यांदाच येऊन पहिल्याच राउंडला गतविजेत्या कायरेन विल्सनला १०-९ ने घरी पाठवलं. वू यिझे, त्याच वयाचा, इंग्लिश आणि स्कॉटिश अशा दोन ओपनच्या फायनल एका सीझनमध्ये. सी जियाहुई वुहान ओपनच्या फायनलला. त्या वर्षी क्रुसिबलच्या ३२ खेळाडूंमध्ये १० चिनी होते, इतके कधीच नव्हते. एकाच स्पर्धेत पन्नाशीचे आणि विशीतले एकमेकांना भिडतात आणि दोघंही जिंकतात, माझ्यासारख्याला तर हा खेळ यासाठीच आवडतो, दुसऱ्या कोणत्या खेळात पाहायला मिळतं हे?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपला, बाकीच्या स्पर्धा भरतीच्या आहेत म्हणे. ज्याने नुसती मे महिन्यातली फायनल पाहिली तोच असं लिहू शकतो. जुलैपासून एप्रिलपर्यंत काय चाललं होतं? कायरेन विल्सन आणि जड ट्रम्पची जुंपली होती. शीआन ग्रां प्रीच्या फायनलला विल्सनने ट्रम्पला १०-८ ने हरवलं, नॉर्दर्न आयर्लंड ओपनच्या फायनलला परत त्यालाच ९-३, जर्मन मास्टर्स जिंकली बॅरी हॉकिन्सला १०-९ करून, आणि प्लेयर्स चॅम्पियनशिपच्या फायनलला पुन्हा समोर ट्रम्प, पुन्हा १०-९. चार रँकिंग टायटल एका सीझनमध्ये! दुसरीकडे ट्रम्पने शांघाय मास्टर्स घेतली, सौदीची घेतली जिथे विजेत्याला पाच लाख पाउंड मिळाले, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनला मिळतात तेवढेच, आणि यूके चॅम्पियनशिप हॉकिन्सला १०-८ ने. वर सीझनभरात शंभराच्या वर सेंचुरी मारल्या, नील रॉबर्टसनचा २०१३-१४ चा १०३ चा विक्रम मागे टाकला. शंभर सेंचुरी म्हणजे काय ते जरा डोक्यात आणा. एका व्हिजिटमध्ये, म्हणजे टेबलवरच्या एकाच पाळीत, शंभर पॉइंट, टेबलवर प्रत्येक वेळी पुढच्या रंगाला पोझिशन, एक लाल कुशनला चिकटलेला असला की सगळा ब्रेक बोंबलतो, आणि हे एका सीझनमध्ये शंभराहून जास्त वेळा, तेही टीव्हीच्या दिव्यांखाली. आपल्याकडे पार्लरमध्ये एखाद्याने पन्नासचा ब्रेक मारला तर मार्कर आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो.

जानेवारीत मर्फीने मास्टर्स जिंकली, सेमीला मार्क अॅलनविरुद्ध १४७ (एका व्हिजिटमधला सगळ्यात मोठा ब्रेक) मारून आणि फायनलला विल्सनला १०-७ करून. मार्च-एप्रिलमध्ये जॉन हिगिन्सने वर्ल्ड ओपन आणि टूर चॅम्पियनशिप दोन्ही नेल्या. हे सगळं भरती?

शिवाय हिशेब साधा आहे. रँकिंग दोन वर्षांच्या बक्षिसाच्या रकमेवर चालतं. वर्षभर जिंकलात तर टॉप सोळात राहता आणि क्रुसिबलला थेट उतरता, नाही तर झाओसारखं खालून चढत यावं लागतं. जे टॉप ६४ च्या बाहेर फेकले जातात त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं कार्ड जातं आणि परत क्यू स्कूलला, म्हणजे कार्ड मिळवायच्या स्पर्धेला, रांगेत उभं राहावं लागतं. त्या लोकांसाठी लेस्टरमधली रिकाम्या हॉलमधली क्वालिफाइंग मॅचसुद्धा घर चालवण्याचा प्रश्न असतो, तिला भरती म्हणू नका.

चौथा, सेटिंग. इथे मी झाओची वकिली नाही करणार, जे झालं ते वाईटच झालं. २०२३ मध्ये दहा चिनी खेळाडूंवर कारवाई झाली, लिआंग वेनबो आणि ली हांग यांना तर आयुष्यभराची बंदी. झाओने स्वतः मॅच फिक्स केली नव्हती, पण दुसऱ्याच्या फिक्सिंगमध्ये सामील होता आणि स्नूकरच्या मॅचवर पैसे लावले होते. अडीच वर्षांची बंदी ठरली, गुन्हा लवकर कबूल केल्यामुळे वीस महिन्यांवर आली, ती त्याने पूर्ण भोगली आणि सप्टेंबर २०२४ पासून मोकळा झाला. आता शिक्षा कमी वाटत असेल तर तसं म्हणा, त्यावर बोलता येतं, मलाही वाटतं अजून कडक असायला हरकत नव्हती. पण यातून अख्खा सीझन सेट होता हे कुठून काढलं? चौकशी खेळाच्याच संघटनेने केली, नावं जाहीर केली, त्यात यूके चॅम्पियन राहिलेला झाओही सुटला नाही आणि मास्टर्स जिंकलेला यान बिंगताओही नाही. ज्यांना झाकायचं असतं ते असं करत नाहीत. मेसेजमध्ये एका मॅचचं नाव नाही, एका फ्रेमचं नाव नाही, नुसतं ‘सगळ्यांना माहीत आहे’.

आता शेवटचं, गोऱ्यांचा खेळ. अरे बाबा, हा खेळ जन्मला जबलपूरला! १८७५ साली, तिथल्या लष्करी मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ब्लॅक पूलच्या टेबलवर आणखी रंगीत बॉल टाकून. (पंतप्रधान चेंबरलेन वेगळा.) सिवनीमार्गे गेलं तर आपल्यापासून पाच-सहा तासांवर आहे जबलपूर, नागपूरकरांनी तरी या खेळाला परका म्हणू नये. ओम अग्रवाल १९८४ साली वर्ल्ड अमॅच्युअर स्नूकर चॅम्पियन झाले, पंकज अडवाणी २००३ साली. आदित्य मेहता २०१३ च्या इंडियन ओपनमध्ये दिल्लीला थेट फायनलला पोहोचला, डिंग जुनहुईकडून ०-५ हरला पण रँकिंग स्पर्धेच्या फायनलला पोहोचला. २०२४-२५ च्या सीझनमध्ये मुंबईचा इशप्रीत सिंग चढ्ढा टूरवर होताच.

जमत नाही असं नाहीये, जमवायला लागतं ते मिळत नाही. आपल्या पार्लरमधलं टेबल बघा. मे महिन्यात कूलर बाजूला घुरघुरत असतो, कपडा वाळून कडक, बॉल सुसाट पळतो. जुलै लागला की त्याच टेबलवर तोच शॉट अर्ध्यात मरतो, कुशनही दमट, अँगल सगळे बदलतात, आणि कपडा तर कधी बदलला होता हे मालकालाही आठवत नाही. प्रो टेबलच्या स्लेटखाली हीटर असतो, कपडा नवा, बॉल बारा महिने सारखाच धावतो. आपला पोट्टा दहा वर्षं चिखलावर खेळून तिथे गेला तर पहिल्या दोन फ्रेम त्याला नुसता स्पीड समजायलाच जातात, तोवर समोरचा २-० ने पुढे. वर व्हिसा, इंग्लंडमधलं राहणं, आणि बऱ्याचशा क्वालिफाइंग तिकडेच. चीनने काय केलं? डिंगने २००५ ला अठराव्या वर्षी चायना ओपन जिंकली, फायनलला स्टीफन हेंड्रीला ९-५, आणि त्यानंतर त्यांनी घरी स्पर्धा आणल्या, पोरं शेफील्डला राहायला पाठवली. वीस वर्षांनी पहिला आशियाई वर्ल्ड चॅम्पियन त्यांचा निघाला. २०२४-२५ च्या कॅलेंडरवर शीआन, शांघाय, वुहान, नानजिंग, युशान अशा पाच स्पर्धा एकट्या चीनमध्ये होत्या.

आणि भारतात? इंडियन ओपन दिल्ली, मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम असं फिरत २०१९ ला कोचीला झालं, मॅथ्यू सेल्ट जिंकला, आणि तिथेच थांबलं. २०२४-२५ मध्ये इथे एकही नाही. फॉरवर्डच करायचं असेल तर हे करा ना, फेडरेशनला विचारा, सरकारला विचारा की इंडियन ओपन परत कधी, नागपूरसारख्या शहरात पोरांसाठी हीटरवालं एक टेबल कधी, त्या मेसेजखाली पहिला अंगठा माझा असेल.