‘कोणी जबरदस्ती करत नाही’ म्हणे!

बहिणीच्या मुलाने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकलाय. दहावीचं वर्ष, आईने मोबाइल गेममधल्या खरेदीला, म्हणजे टॉप-अपला, पैसे नाकारले, त्यावर हा म्हणे पुरावा. ‘पे टू विनची रड बंद करा, सगळ्यांना पाठवा’ असं वरच लिहिलंय आणि लोक इमानेइतबारे पाठवतायत. पे टू विन म्हणजे पैसे भरून खेळात ताकद विकत घेणं. म्हणणं थोडक्यात असं: महागडी बॅट घेणं चीटिंग नाही, मग पैसे देऊन बंदूक घेणं चीटिंग कसं? विकत घ्या म्हणून कोणी जबरदस्ती करत नाही. फुकटचा गेम याशिवाय चालूच शकत नाही. आत काय निघेल ते नशिबावर, अशी पेटी (लूट बॉक्स) पैसे देऊन उघडणं जुगार असता तर सरकारने 2025 मध्येच बंद केला असता. आणि खेळाडूंना चालतं म्हणूनच खपतं.

बॅटपासून घेऊ. क्रिकेटचा दाखला देणाऱ्याने क्रिकेटचे नियम तरी वाचावेत. बॅट 10.8 सेंटीमीटरपेक्षा रुंद चालत नाही. ऑक्टोबर 2017 पासून कडेला 4 सेंटीमीटर आणि जाडीला 6.7 सेंटीमीटर अशी कमाल मर्यादा आहे. 1979 मध्ये ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली पर्थला अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, तेव्हा भर मैदानात वाद झाला आणि शेवटी त्याला लाकडी बॅट घ्यावी लागली. बॅट लाखाची आणा, तिला माप आहेच. जास्त पैसे भरले म्हणून कुणाचा चौकार आठ धावांचा होत नाही. क्लॅश रॉयल या कार्डं खेळून लढायच्या मोबाइल गेममध्ये मात्र कार्डाची लेव्हल वाढली की तेच कार्ड जास्त मारतं, जास्त टिकतं आणि लेव्हल वाढवायचं सामान दुकानात विकत मिळतं. त्याच गेमच्या स्पर्धांमध्ये लेव्हलवर मर्यादा घालून खेळवतात. फरक पडतच नसता तर ही मर्यादा कशाला घातली असती?

एक मान्य करतो, नाइलाजाने. बीजीएमआय या गोळीबाराच्या गेममध्ये बंदुकीवर कितीही भारी स्किन, म्हणजे नुसती सजावट, चढवली तरी गोळी तेवढीच लागते. ते पे टू विन नाही. भाच्याला हवी असलेली वस्तू नेमकी हीच, त्यामुळे आई-मुलाच्या भांडणात हा मेसेज तसाही गैरलागू आहे.

आता ते ‘कोणी जबरदस्ती करत नाही’. या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. ऑक्टोबर 2017 मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्टिव्हिजन या गेम कंपनीला एक पेटंट मिळालं. अर्ज 2015 चा. कोणाला कोणाविरुद्ध खेळवायचं हे ठरवणारी यंत्रणा खरेदी वाढवण्यासाठी कशी वापरता येईल, हे त्यात कायदेशीर भाषेत नीट मांडलंय. उदाहरणही त्यांचंच आहे. एका नवख्याला स्नायपर, म्हणजे लांबून नेम धरणारा, व्हायचंय. त्याची गाठ मुद्दाम तरबेज स्नायपरशी घालायची, म्हणजे त्याच्या हातातली बंदूक पाहून पोराला तशीच घ्यावीशी वाटेल. त्याने घेतली, की पुढचा सामना असा लावायचा जिथे ती बंदूक जोरात चालेल. पोराला वाटणार, पैसे वसूल!

हे पेटंट कोणत्याही गेममध्ये वापरलेलं नाही, संशोधन विभागाचं ते स्वतंत्र काम होतं, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. ठीक आहे, नसेल वापरलं. पण ही कल्पना सुचली, कागदावर आली, वकिलाकडे गेली आणि तिच्यावर मालकी हक्क घेतला गेला. यानंतर सलग चार सामने हरल्यावर समोर ‘स्पेशल ऑफर’ आली, तर आपण खेळात कमी पडलो की कुणी पाडलं, हे खेळणाऱ्याने कशावरून ओळखायचं? सामने कसे लावले जातात ते त्याला दिसतच नाही. हरलो तर माझ्या चुकीने हरलो, एवढी खात्री असली तरच माणूस पुन्हा खेळतो. पैसे देणाऱ्यालाही यात सुख नाही. त्याचा रँक वर गेला की बाकीचे म्हणणार, विकत घेतला.

फुकट गेम चालत नाही? सर्व्हरला पैसे लागतात, कबूल. पण डोटा 2 या फुकट गेममध्ये सगळे हिरो पहिल्यापासून सगळ्यांना मोकळे आहेत, विकतात ती सजावट. बॅटल पास या पैसे देऊन घ्यायच्या हंगामी पासाच्या विक्रीतला चौथा हिस्सा बक्षिसात जायचा आणि त्यातून 2021 च्या त्यांच्या मुख्य स्पर्धेची रक्कम 4 कोटी डॉलरवर गेली. भीक लागल्याचं लक्षण वाटत नाही.

पेट्यांवर फार वेळ घालवत नाही. ऑनलाइन गेमिंगच्या 2025 च्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. त्याने पेट्यांना शुद्धतेचा दाखला दिलेला नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल 2018 मध्ये फिफा 18, ओव्हरवॉच आणि काउंटर-स्ट्राइकमधल्या पैसे देऊन घ्यायच्या पेट्या जुगारात मोडतात असं सांगितलं होतं. मेसेज लिहिणाऱ्याने सोयीने ते वगळलंय.

आणि ‘खेळाडूंना चालतं’? 2017 चा स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2 आठवा. फुकट नव्हता, 60 डॉलर मोजून घ्यायचा गेम. तरी डार्थ व्हेडर हे पात्र उघडायला आधी 60,000 क्रेडिट (गेममधलं चलन) जमवायचे आणि ताकद वाढवणारी कार्डं पेट्यांमध्ये. गेम काढणाऱ्या ईए कंपनीने रेडिट या चर्चेच्या साइटवर खुलासा केला की यातून खेळाडूंना अभिमान आणि काही मिळवल्याची भावना लाभावी, असा हेतू आहे. त्या एका उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त डाउनव्होट, म्हणजे नापसंतीची मतं, पडले. व्हेडरची किंमत 15,000 वर आली, तरी लोक ऐकेनात. गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी पैसे देऊन करायची खरेदीच बंद केली. पुढे 2018 मध्ये ती परत आली ती फक्त पोशाखांपुरती. ताकदीची कार्डं खेळूनच मिळवायची, असं ठरलं.