किल्ट आणि लष्करी जॅकेटबद्दलच्या मेसेजचा खुलासा

किल्टवर (स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख) लाल लष्करी जॅकेट घातलेल्या माणसाचा फोटो सध्या ग्रुपांमध्ये फिरतोय. सोबतचा दावा असा: हे जॅकेट 1746 च्या, स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईतलं आहे आणि सामान्य माणसाने ते किल्टवर घातलं तर ब्रिटनमध्ये आजही तुरुंगवास होतो. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

फोटोत कमरेखाली लोंबणाऱ्या रुंद पट्ट्या नीट पाहा. अशा पट्ट्यांच्या जॅकेटला डब्लेट म्हणतात. हायलँड (स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग) पलटणींना तो मिळाला 1850 च्या दशकाच्या मध्यावर, क्रिमियन युद्धाच्या सुमारास. म्हणजे कलोडननंतर शंभरहून जास्त वर्षांनी. त्याआधी या पलटणींचे सैनिक आखूड कोट घालत.

बंदीचा कायदा मात्र खरोखर होता, गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा. ऑगस्ट 1747 पासून स्कॉटलंडमधल्या पुरुषांना किल्ट घालायला मनाई झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. गंमत म्हणजे सरकारी फौजेतल्या सैनिकांना सूट होती! हा कायदा 1782 मध्ये रद्द झाला.

आज लागू आहे तो 1894 चा गणवेश कायदा. त्याचा रोख सध्याच्या सैन्याच्या गणवेशावर आणि पलटणींच्या खुणांवर आहे. डब्लेट तर स्कॉटलंडमधली नागरी पाइप बँडं (बॅगपाइप वाजवणारी पथकं) उघडपणे घालतात. कुणाला हौसेने शिवून घ्यायचाच असेल, तर तो सध्याच्या सैन्याच्या गणवेशासारखा दिसू नये आणि त्यावर चालू पलटणीचे बिल्ले लावू नयेत.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.